मुहूर्त ११.५२, हॉल ३ पर्यंत

प्रश्न : माझं लग्न फेब्रुवारीत, एका रविवारी आहे. दादरला हॉल घेतलाय, सकाळी ७ ते दुपारी ३. मुहूर्त ११ वाजून ५२ मिनिटांचा. दोन्हीकडची मिळून ४०० माणसं धरली आहेत. सासरची मंडळी सांगलीची; ६० जणांची बस रात्रभर प्रवास करून सकाळी थेट हॉलवर येणार. बाबा चार वर्षांपूर्वी गेले. भांडुपला आई आणि मी राहतो, दोघीही नोकरी करतो. ‘हॉलवरचं सगळं मी बघतो’ असं मामा म्हणालाय. मैत्रीण म्हणते इव्हेंट मॅनेजर घे, पण तो खर्च आम्हाला जड आहे. पाच महिने हातात आहेत, याद्यांनी वही भरली, तरी आधी काय करायचं तेच कळत नाही. आणि शेवटचं. कन्यादानाला काका-काकूंना बसवा असं सगळे म्हणतात. मला ते आईने करायला हवंय, पण तिच्याशी हा विषय काढायचं धाडस होत नाही.

उत्तर : तुम्ही शेवटी लिहिलेली गोष्टच आधी घेऊ, कारण तुमच्या पाच महिन्यांतलं पहिलं काम तेच आहे.

आईशी या आठवड्यात बोला. ‘कन्यादान कोण करणार’ असं विचारू नका. तो प्रश्न ऐकला की ती सगळ्यांच्या सोयीचं उत्तर देईल. ‘मला तूच बसायला हवी आहेस, तुला चालेल का?’ असं विचारा. तिने मनापासून नको म्हटलं तर तोही तिचा हक्क आहे. हो म्हणाली तर लगेच गुरुजींना फोन करा आणि फक्त कन्यादानाचं विचारून थांबू नका. देवक बसवताना, सीमांतपूजनाला आणि कन्यादानाला, तिन्ही ठिकाणी मुलीचे आई-वडील जोडीने बसतात, त्यामुळे हाच प्रश्न तीनदा उभा राहतो. तिन्हींचं उत्तर एकाच वेळी घ्या. आई एकटी बसली तरी सगळे विधी सांगणारे गुरुजी मुंबईत आहेत; पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने तर स्त्रियांनाही पौरोहित्य शिकवलं आहे. ठरवलेले गुरुजी अडून बसले तर आज तुमच्याकडे दुसरे बघायला वेळ आहे. तुळशीचं लग्न उरकलं की मुहूर्तांची गर्दी सुरू होते, मग हातात असतील ते गुरुजी धरून ठेवावे लागतात. काका-काकूंना मानाचं दुसरं काम द्या आणि तेही आईनेच त्यांना जाऊन सांगावं. ऐन हॉलवर कळलं तर त्यांना लागेल, आणि ते बरोबरच आहे.

आता वही बाजूला ठेवा. तुमच्या याद्या वस्तूंच्या आहेत, लग्न मात्र घड्याळावर चालतं. कोऱ्या पानावर मधोमध ११.५२ लिहा आणि तिथून मागे मोजत या.

मंगलाष्टकांना गुरुजींची दहा-बारा मिनिटं धरा, म्हणजे ११.४० ला अंतरपाट धरलेला हवा. इथे एक गोष्ट नेहमी फसते. आत्या, मावशी, वहिनी, सगळ्यांनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं आणलेली असतात. एकेकीला दोन मिनिटं म्हटलं तरी सहाजणींची बारा मिनिटं होतात आणि मुहूर्त टळतो. कोण कोण म्हणणार ती नावं आधी घ्या, तीनवर थांबा आणि तो कागद गुरुजींच्या हातात द्या. चौथीला थांबवायचं काम त्यांनाच शोभतं.

त्याआधी तुम्ही गौरीहरापाशी बसणार, १०.४५ पासून. म्हणजे मेकअप, केस, मुंडावळ्या आणि मामाकडची पिवळी साडी हे सगळं साडेदहाला पूर्ण. मेकअपवाल्या ताई अडीच तास म्हणतात तेव्हा तीन धरा. हॉलची किल्ली ७ ला मिळते, खोली उघडून सामान लावेपर्यंत ७.३० होतात. जमतंय, पण काठावर. म्हणून केसांचं काम भांडुपलाच पहाटे उरकून निघा. हॉलच्या खोलीत आरशाजवळ सॉकेट किती आहेत आणि दिवा कसा आहे ते आत्ता जाऊन बघा. बहुतेक ठिकाणी एकच सॉकेट असतो, त्यावर केस वाळवायचं यंत्र, इस्त्री आणि चारजणींचे मोबाइल. एक लांब एक्स्टेन्शन बोर्ड तुमच्या पेटीत पहिला टाका.

आईचं तयार होणं सगळे विसरतात. सीमांतपूजनाला तुमची गरज नसते, आईची असते. ते ८.४५ ला धरलं तर तिने साडेआठला तयार हवं, आणि त्या वेळी मेकअपवाल्या ताई तुमच्यात गुंतलेल्या असतात. आईसाठी केस बांधून देणारी दुसरी बाई सांगा. हा खर्च वाचवू नका.

पुण्याहवाचन आणि देवक शनिवारी घरीच करून घ्या. हॉलवरचा तासभर मोकळा होतो आणि आईलाही तो विधी घरात, शांतपणे करता येतो.

आता ११.५२ च्या पुढे मोजा. खरी ओढाताण इथे आहे. अक्षता पडल्या, हार घातले की १२.०५ होतात आणि स्टेजपाशी रांग लागते. ४०० माणसं म्हणजे भेटायला येणारे साधारण १३० गट. एका गटाला फोटोसकट २० सेकंद धरली तरी ४३ मिनिटं होतात, आणि २० सेकंदांत कोणी उतरत नाही. ती रांग १ पर्यंत चालणार. मग साडी बदलायला गेलात की अर्धा तास. कन्यादान, लाजाहोम, सप्तपदीला गुरुजींनी आटोपशीर सांगितलं तरी सव्वा तास. झाले पावणेतीन. तुम्ही दोघं अजून जेवलेले नाहीत, झाल, म्हणजे मुलीला सासरच्यांच्या हाती सोपवण्याचा विधी, व्हायची आहे, पाठवणी व्हायची आहे आणि तीनला संध्याकाळच्या कार्याचे डेकोरेटर दारात उभे आहेत.

यावर दोन उपाय आहेत. हॉलवाल्यांकडे ४ पर्यंतचा जादा तास आत्ताच मागा, त्याचा दर पावतीवर लिहून घ्या. संध्याकाळचं सत्र अजून कोणी घेतलेलं नसेल तर तो मिळतो, नंतर मिळत नाही. तो मिळाला नाही तर मधली साडी रद्द करा. पिवळ्या साडीत अक्षता, भेटी आणि सगळे विधी करा. सासरचा शालू पाठवणीच्या आधी एकदाच नेसा. तीन साड्यांचे फोटो हवेत म्हणून सप्तपदी धावतपळत उरकणारी लग्नं दर मोसमात होतात. सप्तपदी नीट व्हावी, साडीचा फोटो सासरी सत्यनारायणालाही काढता येतो.

होमाबद्दल हॉलवाल्यांना स्पष्ट विचारा. वातानुकूलित हॉलमध्ये धूर ओळखणारा अलार्म असतो. काही ठिकाणी होमाला ठरावीक कोपरा देतात, काही ठिकाणी फक्त छोटं पितळी कुंड चालतं. होमाच्या वेळी अलार्म कोण बघणार, पंखा आणि एसी कोण बंद करणार, त्या माणसाचं नाव लिहून ठेवा. समिधा कोरड्या हव्यात आणि तूप पातळ केलेलं. ओल्या समिधांचा धूर सगळ्यांना खोलीबाहेर काढतो.

सांगलीच्या बसचं ठरलेलं बदलावं लागेल. ६० माणसं रात्रभर प्रवास करून येणार, हॉलवर न्हाणीघरं बहुधा दोन. माणशी दहा मिनिटं धरली तर दोन न्हाणीघरांत पाच तास लागतात. सात वाजता सुरू केलं तर बारा. म्हणजे तुमच्या मुहूर्ताला निम्मं वऱ्हाड ओल्या केसांनी रांगेत उभं. शिवाय बस पहाटे ६ ला पोहोचली तर हॉल बंद असतो, आणि दादरच्या गल्लीत बस उभी राहू शकत नाही. त्यांना जानोसा, म्हणजे मुक्कामाची वेगळी जागा, लागेलच. शनिवारी दुपारी निघून रात्री मुक्कामाला यायला सांगा. हॉलपासून चालत दहा मिनिटांत एखादं सभागृह, धर्मशाळा किंवा लॉज, निदान सहा न्हाणीघरं असलेलं, ठरवा. शनिवारी मुक्काम झाला तर सीमांतपूजनही त्याच संध्याकाळी जानोशावर होऊ शकतं आणि रविवारचा आणखी पाऊण तास सुटतो. आईही मोकळी होते. खर्च कोणी करायचा हे सासरच्या मोठ्यांशी आईने किंवा मामाने आत्ताच, स्पष्ट बोलावं. सकाळी जानोशावर ६.३० ला चहा पोहोचला पाहिजे. केटररची शेगडी हॉलवर ७ नंतर पेटते, म्हणून हा चहा जवळच्या हॉटेलातून थर्मासमध्ये वेगळा सांगा. वरपक्षाचा सकाळचा चहा चुकला तर तो वर्षानुवर्षं ऐकवला जातो.

मामा. त्याने ‘सगळं मी बघतो’ म्हणणं ही त्याची माया आहे, पण नेमक्या महत्त्वाच्या तासाला तो उपलब्ध नाही. तुम्हाला बोहल्यावर आणणार तोच, अंतरपाटाच्या वेळी तुमच्या पाठीशी उभा राहणार तोच. आणि केटरर, डेकोरेटर, हॉलचा मॅनेजर हे तिघेही हिशेब आणि अडचणी घेऊन येतात ते याच वेळी, सव्वाअकरा ते साडेबारा. त्याच्या खिशात पाकिटं आणि हातात फोन असेल तर तो तुमच्या मागे उभा राहून फोनच घेत राहील. ठरवण्याची, घासाघीस करण्याची कामं त्याला आज द्या. त्या दिवशी त्याला मोकळा ठेवा.

त्या दिवसासाठी चार माणसं हवीत, ज्यांना कुठल्याही विधीत बसायचं नाही आणि फोटोत नसले तरी चालेल. एक पैशांच्या बॅगेजवळ, एक स्वयंपाकघर आणि ताटांवर, एक बस-रिक्षा-जानोशावर, आणि एक मुलगी तुमच्या पेटीजवळ. दागिने काढले-घातले की तिच्याच हातात. करवलीला हे काम देऊ नका, ती कलश घेऊन तुमच्या मागे उभी असते. ऑफिसमधले विश्वासू सहकारी, आईच्या मैत्रिणीचा मुलगा, शेजारचे काका अशी माणसं यासाठी उत्तम. त्यांना विचारलेलं आवडतं. चौघांना तुमचं घड्याळाचं पान आणि सगळे फोन नंबर कागदावर द्या. हे जमलं तर इव्हेंट मॅनेजरची गरज नाही. चौथा माणूस मिळालाच नाही तर फक्त त्या दिवसापुरता एक मदतनीस पैसे देऊन घ्या, पाच महिन्यांचं कंत्राट नको.

आता जेवण, कारण तुमचा सर्वात मोठा खर्च हाच. ४०० हा आकडा बोलावण्याचा आहे, जेवणाचा नाही. आमंत्रणांच्या यादीत प्रत्येक नावापुढे ‘सहकुटुंब’, ‘दोघं’ की ‘एकटे’ ते लिहा आणि लग्नाआधी दहा दिवस फोन सुरू करा. ‘येताय ना?’ विचारलं तर सगळे हो म्हणतात. ‘जेवायला किती धरू?’ विचारा, खरा आकडा मिळतो. केटरर तीन-चार दिवस आधी गॅरंटी मागतो, म्हणजे इतक्या ताटांचे पैसे माणसं आली नाहीत तरी द्यायचेच. फोनमधून ३५० आले तर गॅरंटी ३२० ची द्या आणि तयारी किती जादा करणार ते करारात लिहून घ्या. साधारण दहा टक्के करतात. जादा ताटाचा दर तोच की वेगळा, हेही तिथेच. फोटोग्राफर, सनईवाले, ड्रायव्हर, मेकअपवाल्या ताई, गुरुजी मिळून २५-३० ताटं होतात, ती गॅरंटीत की बाहेर? नाश्ता किती जणांचा? आणि ताटं मोजणार कोण? यावरून शेवटी वाद होतो. तुमच्या स्वयंपाकघरवाल्या माणसाने जेवण सुरू होण्याआधी ताटांच्या थप्प्या केटररच्या माणसाबरोबर मोजाव्यात, उरलेली शेवटी पुन्हा मोजावीत, दोघांनी त्याच कागदावर सही करावी. दहा मिनिटांचं काम आहे.

पदार्थ कमी ठेवा. मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, कोशिंबीर, जिलेबी, मठ्ठा, शेवटी साधं वरण-भात-तूप. माणसं तृप्त होऊन जातात. चाट आणि पास्त्याची टेबलं जागा खातात आणि मुख्य जेवण टाकलं जातं. बुफेचं एक टेबल दोन्ही बाजूंनी घेता येईल असं, साधारण शंभर माणसांमागे एक. पुरी आणि जिलेबी मात्र वेगळ्या टेबलावर ठेवा. कढईतून गरम येण्याची वाट बघत अख्खी रांग तिथेच अडते. वयस्कर मंडळी आणि विहिणीसाठी पंचवीस जणांची एक टेबल-खुर्ची पंगत राखा. प्यायचं पाणी माणशी पाऊण लिटर म्हटलं तर ४०० जणांना ३०० लिटर, म्हणजे २० लिटरचे १५ जार. दोन जादा सांगा.

पैसे देताना प्रत्येकाकडून पावती घ्या. प्राप्तिकर कायद्याप्रमाणे एका कार्यासाठी एका माणसाकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, तुकड्यातुकड्यांनी दिली तरी. दंड घेणाऱ्याला होतो, पण बिनपावतीची रोख दिलीत तर वाद झाल्यावर तुमच्या हातात काहीच उरत नाही. पंधरा-वीस टक्के रक्कम काम झाल्यावरच द्या.

खरेदीचं थोडक्यात. पितृपक्षात घेणं नको असेल तर नका घेऊ, पण दादरला हिंदमाता, रानडे रोडला जाऊन भाव आणि पोत बघून या. दुकानं रिकामी असतात आणि दुकानदार निवांत दाखवतो. ब्लाउज शिवायला दिवाळीनंतर लगेच टाका, डिसेंबरात शिंपी नाही म्हणतात. सोन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतोच, १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर अॅपवर तो नंबर दुकानातच तपासा. सेनापती बापट मार्गावरच्या फुलबाजारातून हार-गजरे पहाटे आणायचं कोणी सुचवलं तर चांगलं आहे, पण त्या माणसाला दुसरं काम देऊ नका.

रविवार म्हणजे लोकलचा मेगाब्लॉक, दुरुस्तीसाठी काही मार्ग काही तास बंद. वेळापत्रक एक-दोन दिवस आधीच कळतं. मध्य रेल्वेवर माटुंगा ते मुलुंड धीम्या मार्गावर ब्लॉक असला की गाड्या जलद मार्गावरून जातात आणि विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूरला सहसा थांबत नाहीत. तुमचे भांडुपकडचे पाहुणे याच पट्ट्यातले. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना एक संदेश पाठवा, कुठून गाडी धरायची आणि मुहूर्त किती वाजता. बाहेरगावाहून रेल्वेने येणाऱ्यांना सांगून ठेवा की आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, १२० नाही.

नोंदणीचं काम लग्नानंतर महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात, ९० दिवसांच्या आत. पण त्यातलं निम्मं लग्नाच्या दिवशीच करायचं असतं. अर्ज आधीच भरून पेटीत ठेवा आणि गुरुजी हॉल सोडण्याआधी त्यांची सही घ्या. नंतर त्यांना गाठायला महिना जातो. तीन साक्षीदार मुंबईतलेच निवडा, त्यांना कार्यालयात यावं लागतं. आणि पत्रिकेवर दोघांची नावं आधारकार्डावर आहेत तशीच छापा. लाडाचं नाव छापायचं असेल तर कंसात, कारण पत्रिका पुरावा म्हणून जोडतात.

राहिल्या अक्षता. ४०० जणांना माणशी छोटा चमचाभर, दोन-अडीच किलो तांदूळ पुरतात. कुंकू अगदी थोड्या पाण्यात कालवून तांदळाला चोळा आणि गुरुवारी रात्रीच कागदावर पसरून पंख्याखाली वाळवा. शनिवारी केल्या तर त्या दमट राहतात, गोळे होतात आणि नवरदेवाच्या सोवळ्यावर, बायकांच्या रेशमी साड्यांवर लाल ठिपके उमटतात. ते जात नाहीत. बोटाने चोळून रंग लागत नाही ना ते बघा, मगच पुड्या भरा. आणि ११.२० ला वाटायला दोन मुलं सोडाल तेव्हा त्यांना शेवटच्या रांगेपासून सुरुवात करायला सांगा. पुढच्या रांगेत कोणीतरी देतंच, मागे उशिरा आलेले मात्र रिकाम्या हाताने उभे राहतात.